केशरी घामाचे दिवस

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतले पंखे बंद होतात. पंखा चालू असला की बर्नरची ज्योत एका बाजूला वाकते, परीक्षानळी नीट तापत नाही आणि मुलं म्हणतात, मॅडम, आमचा सॉल्टच खराब आहे. सॉल्ट कधी खराब नसतो. तर पंखे बंद, वीस बर्नर चालू आणि खिडकीबाहेर सोलापूरचं ऊन. संक्रांतीचे तिळगूळ अजून डब्यात शिल्लक असतात आणि आम्ही सगळे घामानं चिंब. बाहेरच्या जगात याला म्हणे हिवाळा म्हणतात.

मला हा मोसम फार आवडतो. लोक आंब्याची वाट बघतात, मी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांची. वर्षभर रेंगाळत येणारी मुलं या दिवसांत मी कुलूप काढायच्या आधी दारात उभी असतात. अमोनिया नाकात झिणझिणतो. सडक्या अंड्यांचा म्हणून जो प्रसिद्ध वास आहे तो व्हरांडाभर पसरतो आणि शेजारच्या मराठीच्या मॅडम धाडकन दार लावून घेतात. ब्युरेटमधलं जांभळं परमँगनेट थेंबाथेंबानं फ्लास्कमध्ये पडत असतं, काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एकच थेंब असा पडतो की अख्खा फ्लास्क फिकट गुलाबी होतो. चोवीस वर्षं बघतेय. अजूनही तो थेंब पडला की मला उभ्या जागी उडी मारावीशी वाटते. वयाचा विचार करून मारत नाही.

मी शिकवत नाही. मी प्रयोगशाळा सहायक. द्रावणं करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, फुटलेल्या काचेची नोंद ठेवायची आणि मुलांच्या बोटांची दहाही नखं शाबूत घरी पाठवायची, हे माझं काम. या कामात एक विद्या आपोआप येते, डाग ओळखायची. सिल्व्हर नायट्रेट काळा डाग पाडतं, आयोडीन तपकिरी, डायक्रोमेट केशरी, परमँगनेट आधी जांभळा आणि दुसऱ्या दिवशी चहासारखा. एप्रन बघितला की कुठल्या टेबलावर कुणी काय सांडलं ते मी न विचारता सांगते. मुलं मला त्यासाठी घाबरतात. घाबरलेली बरी.

दोन वर्षं झाली, या दिवसांत माझी नजर आधी कॉलरीवर जाते. यंदाही गेली. त्याचं कारण रजिता.

रजिता सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली. तेलंगणातल्या एका खेड्यातून हे कुटुंब सोलापुरात आलं तेव्हा ती चौथीत होती. वडील नरसय्या टॉवेलचं सूत रंगवायच्या कारखान्यात, ज्याला इथं सगळे डाईंग म्हणतात, तिथं कामाला. आई घरी विड्या वळते. पोरगी घरी तेलुगू बोलायची, गल्लीत दखनी उर्दू, वर्गात मराठी, आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी. शाळेत आल्यावर पहिले तीन महिने तिला मराठीत एकच वाक्य यायचं, ‘पुढं सरक.’ तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आयुष्याला तेवढं पुरतं.

तिच्या बारावीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि ती खोकत आली. माझ्या आधी ते आमच्या शिपायाच्या, भारतमामांच्या कानावर पडलं. मामा मूळचे करकंबचे. ते बाटल्या पुसता पुसता म्हणाले, “मॅडम, ती पोरगी लई खोकतीय की. इचारलं तर म्हनती, घरात तंबाखूची धूळ हाय. म्हैनाभर कुनी धूळ खोकतंय व्हय?”

बरोबर होतं मामांचं. त्या घरात सगळेच खोकायचे. आईच्या घशात तंबाखू, वडिलांच्या घशात रंगाच्या टाकीवरची वाफ. त्या सगळ्यांच्या खोकल्यात हिचा खोकला वेगळा कुणी ऐकलाच नव्हता. मी तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. थुंकी द्यायची डबी हातात दिल्यावर ती लाजली. मी म्हटलं, लाजू नकोस, डबी सरळ धर. नमुना दिल्यावर तिनं तिथल्या तपासणाऱ्याला विचारलं की जंतू दिसले तर मला सूक्ष्मदर्शकातून बघायला मिळतील का. त्यानं आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की जणू हे मीच शिकवून पाठवलंय.

जंतू दिसले. क्षयरोग निघाला. तिला बघायला मिळाले नाहीत, याचं तिला वाईट वाटलं. बाकीच्याचं वाईट वाटायला तिला बाकावर बसून दहा मिनिटं लागली. मग ती एवढंच बोलली, “मॅडम, परीक्षेला बसता येईल ना? यंदा चुकली तर नायना मला गावी मावशीकडं पाठवणार.”

नायना म्हणजे वडील. गावी पाठवायचं म्हणजे काय ते तिला माहीत होतं आणि मलाही कळलं. तिथं चांगली हवा, विश्रांती, दूध, आणि प्रकृती सुधारली की एखादं स्थळ. या बेतात वाईट असं काहीच नव्हतं. फक्त त्यात कॉलेज कुठं नव्हतं. नरसय्या दुष्ट नव्हता. या शहराच्या धुळीनं पोरगी आजारी पडली आणि या शहरात आपण तिला आणलं, असं त्याला वाटत होतं. आपण आणलं तर परत नेणंही आपलंच काम, असा सरळ हिशेब.

मी त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं. सिस्टरनं समोर बसवून सांगितलं, औषध सहा महिने, रोज. पहिले काही आठवडे घरी, मग डॉक्टर म्हणतील तेव्हा कॉलेज. परीक्षेला हरकत नाही. पण मध्ये एक दिवसही सोडायचं नाही, कारण अर्धवट मेलेला जंतू उलटला की तो मग या औषधांना दाद देत नाही. शेवटी तिनं हेही सांगितलं की लघवी, घाम सगळं केशरी होईल, घाबरू नका. सिस्टरच्या मागं पन्नास माणसं उभी होती, तिनं ते एका दमात सांगितलं. नरसय्या मान हलवत होता. मीही तिथंच उभी होते आणि मला वाटलं, झालं सांगून. त्याच्या मराठीतून किती वाक्यं गळून पडली, हे मी तपासलं नाही. द्रावणाची तीव्रता मी दोनदा तपासते, माणसाची मान एकदाच बघितली. ती चूक माझी.

एवढं ठरलं की परीक्षेपर्यंत बघू. तब्येत ढासळली तर गाव.

डिसेंबरात रजिता परत आली. तोंडाला मास्क, अंगात स्वेटर, वजन चौतीस किलो. आता तिच्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण कागद वाचून माणसं जवळ सरकत नाहीत. आमच्याकडं तेव्हा मुलं पिपेटच्या नळीत द्रावण तोंडानं ओढायची. हे बंदच करायला हवं होतं, कितीतरी वर्षं मी म्हणत होते. तिला एकटीला रबरी फुगा दिला असता तर वर्गानं कारण विचारलं असतं. मी कपाटातून आणि शेजारच्या कॉलेजातून मिळून चाळीस फुगे जमवले आणि सगळ्यांना सांगितलं, यापुढं जो तोंड लावील त्याला मी बाहेर काढीन. आजही आमच्याकडं फुग्यानंच ओढतात. यंदाच्या मुलांना वाटतं, पहिल्यापासून असंच आहे.

मी तिला रोज मूठभर भाजलेले शेंगदाणे द्यायचे. सोलापुरात राहून शेंगा खायच्या नाहीत म्हणजे काय. ती पुटपुटत मूलद्रव्यांची यादी पाठ करायची आणि दर मूलद्रव्याला एक दाणा खायची. जानेवारीत वजन अडतीस झालं. ते सांगायला ती धावत आली आणि तिला धाप लागली नाही, हे आम्हा दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

आणि मग पंखे बंद झाले.

सरावाच्या पहिल्याच दिवशी मला तिच्या एप्रनच्या कॉलरीवर केशरी डाग दिसला. मी लांबूनच ओरडले, डायक्रोमेट कुठं सांडलंस? ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “घाम आहे, मॅडम.”

मला सिस्टरचं बोलणं आठवलं. थंडीत स्वेटरखाली जे कळत नव्हतं ते आता उकाड्यानं बाहेर आलं होतं. तोवरच्या बावीस वर्षांत एकही असा डाग मी बघितला नव्हता. खरं सांगते, मला आनंद झाला. औषध तिच्या अंगात फिरत होतं आणि त्याची पावती कॉलरीवर उमटत होती. पुढचे काही दिवस आमचं हे गुपित छान चाललं. ती दारातून आत आली की मी कॉलरीकडं बघायचे, ती मान ताठ करून दाखवायची. एकीकडं लाल लिटमस निळा होतोय, निळा लाल होतोय, कुणाचा तरी अवक्षेप पांढरा यायचा तो पिवळा येतोय, सर हजेरी घेतायत, आणि माझ्या खोलीत एका पोरीचा घाम केशरी. मजा होती.

एका गुरुवारी तिची कॉलर पांढरी होती.

वाटलं, आईनं धुऊन दिला असेल. शुक्रवारी मात्र मी दुपारी बारा वाजता तिच्या टेबलाशी उभी राहिले. तिच्या हनुवटीवरून थेंब ओघळत होते, कॉलर ओली होऊन मानेला चिकटली होती, आणि त्या ओल्या कापडावर रंगाचा मागमूस नव्हता. ब्युरेटचं वाचन ती बरोबर घेत होती. मी तिला तराजूच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, गोळ्या घेतेस का?

तिनं ओल्या कॉलरीवर हात ठेवला. मग म्हणाली, “नायना म्हणाला, बस झालं. पाच दिवस झाले.” आणि पुढं, “मलाही बरं वाटलं, मॅडम. गोळी घेतली की मळमळतं. पाठ केलेलं सगळं बाहेर पडेल असं वाटतं.”

मी भारतमामांच्या हातात किल्ल्या दिल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला रिक्षात घातलं. वाटेत मी काय काय बोलायचं त्याची तयारी केली. चांगली तयारी झाली होती. अडाणीपणापासून सुरुवात होती.

डाईंगमध्ये वाफेनं समोरचं दिसत नव्हतं. नरसय्या गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून टाकीशी उभा होता, हातातल्या काठीनं सुताच्या लडी फिरवत होता. नखं मरून रंगाची. मला बघून त्यानं घाईघाईनं एक स्टूल पुसलं. मी बसले नाही. विचारलं, औषध का थांबवलं?

तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ओढणीवर रंग आला की. आमच्यात कसं, सुतानं घ्यायचा तेवढा रंग घेतला की बाकीचा पाण्यात उतरतो. मग वर अजून रंग टाकून उपयोग नाही. पोरीच्या अंगानं औषध पाहिजे तेवढं घेतलं. वजन वाढलं, खोकला गेला. आता जास्तीचं बाहेर यायलंय. उगी पोरीला कशाला त्रास.”

माझी सगळी तयारी त्या वाफेत गेली. या माणसानं हलगर्जीपणा केला नव्हता. त्यानं वीस वर्षांची विद्या वापरली होती. मीही तेच करत होते. एकाच डागाकडं आम्ही दोघं बघत होतो, मला वाटत होतं औषध चालू आहे, त्याला वाटत होतं औषध पुरे झालं. आणि त्याला खरं काय ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे सांगितलं होतं, पण त्याला कळेल असं नव्हतं.

मी टाकीकडं बोट दाखवून विचारलं, ही लडी किती वेळ आत ठेवायची? तो म्हणाला, अजून अर्धा तास. मी म्हटलं, बघा, मरून रंगाची तर झालीच आहे. काढा बाहेर.

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “दिसायला झाली, मॅडम. वेळ पुरी झाली नाही. आत्ता काढली तर दोन धुण्यांत फिकी पडणार. आणि एकदा फिकी पडली की परत रंगवून पहिल्यासारखी धरत...”

तो तिथंच थांबला. काठी थांबली. माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं.

मी म्हटलं, औषधाचंही तसंच आहे. पोरगी बरी दिसतेय, वेळ पुरी झाली नाही. आणि गोळीचाच रंग लाल आहे, तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर येतच राहणार. त्यानं रजिताला तेलुगूत काहीतरी विचारलं. तिनं बुटांकडं बघत उत्तर दिलं. त्यावर त्यानं कपाळावर हात मारला आणि कपाळाला मरून रंगाचा पंजा उमटला. लघवी पहिल्या दिवसापासून केशरी होती हे तिनं घरात सांगितलंच नव्हतं, ते मला तर्कानं कळलं. सतरा वर्षांची मुलगी बापाला काय काय सांगणार. त्याचे साथीदार हसायला लागले, मग तोही हसला, पण डोळे हसत नव्हते. तो काठी दुसऱ्याच्या हातात देऊन तसाच बुटांसह निघाला.

सिस्टरनं आम्हा तिघांनाही झाडलं. मला सगळ्यांत जास्त, कारण मला मराठी येत होतं. गोळ्या तिथल्या तिथं सुरू झाल्या. चुकलेले पाच दिवस शेवटी वाढवायचे ठरले. थुंकी पुन्हा तपासायला दिली, आणि आम्हाला सोमवारपर्यंत वाट बघायला सांगितलं. जंतू परत निघाले असते तर नवी औषधं, नवा हिशेब, आणि गाव. नरसय्यानं दवाखान्याच्या दारात मला सांगितलं, असं झालं तर तो तिला परीक्षेसाठी थांबवणार नाही. मी हो म्हटलं.

शनिवार आणि रविवार मी घरातले सगळे डबे घासले. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरात इतकी चकाकी दसऱ्यालाही नसते. नवरा म्हणाला, पाहुणे येणार आहेत का?

सोमवारी साडेअकराला सिस्टरचा फोन आला. अहवाल स्वच्छ होता. मी प्रयोगशाळेच्या मध्यभागी उभी होते, चाळीस मुलं, वीस बर्नर. मी फक्त रजिताकडं बघून मान हलवली. तिच्या हातात ब्युरेटची तोटी होती, तिनं ती भसकन सोडली आणि फ्लास्क गुलाबीच्या पुढं जाऊन भडक जांभळा झाला. मी पहिल्यांदाच कुणाला त्याबद्दल बोलले नाही. परत कर म्हटलं.

त्यानंतर नरसय्या बदलला म्हणजे बदललाच. रोज संध्याकाळी कामावरून आला की आधी पोरीची कॉलर उजेडात धरून बघायचा. एखाद्या दिवशी रंग फिका वाटला तर गोळीचं रिकामं पाकीट मागायचा. चांगला उतरला की म्हणायचा, आज मस्त आलाय. अशा बारकाईनं त्या कारखान्यात कुठल्या टॉवेलला बघितलं असेल असं मला वाटत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या कॉलरीकडं बघून विचारलं, डायक्रोमेट वाटतं? ती म्हणाली, “नाही सर, घाम,” आणि थेंब मोजायला लागली. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत राहिले. त्यांचं तपासून झालं तेव्हा तिचं वाचन माझ्या वाचनाशी दशांशापर्यंत जुळत होतं.

यंदाची मुलं वेगळी आहेत. एकीच्या बाहीवर आयोडीन आहे, एकानं काल शाई सांडून ती रसायन आहे असं मला पटवायचा प्रयत्न केला. भारतमामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेला माणूस बाटल्या अक्षरक्रमानं लावतो आणि आम्हाला काही सापडत नाही. उकाडा तेवढाच आहे. मी कॉलरी बघत फिरते. कुणी जास्त दिवस खोकलं तर आता थांबत नाही, त्याच आठवड्यात घेऊन जाते, आणि सिस्टर सांगते तेव्हा आई-बापाला म्हणते, काय कळलं ते तुमच्या भाषेत मला सांगा. मला ती भाषा येत नसली तरी चालतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं, वाक्य पूर्ण झालं की अडकलं.

त्या वर्षी मे महिन्यात रजिताची शेवटची गोळी झाली, वाढवलेल्या पाच दिवसांसकट. निकाल त्याच सुमारास. एकाहत्तर टक्के, केमिस्ट्रीत त्याहून बरेच. मी विचारलं, पुढं काय? ती म्हणाली, मायक्रोबायॉलॉजी. मला वाटलं, बापाच्या रंगांची केमिस्ट्री घेईल, गोष्टीत तसं शोभलं असतं. पण तिला ते जंतू बघायचे होते. दवाखान्यात दाखवले नाहीत, याचा राग होता.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. नरसय्या नवा शर्ट घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून. तिच्या गावच्या शाळेच्या दाखल्यासाठी तो स्वतः दोन दिवस गावी जाऊन आला होता. तिला गावी न्यायचं म्हणत होता, तो तिचा कागद घेऊन परत आला. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आहे, खिडकी एक वाजता बंद होते. घड्याळात एकला बारा मिनिटं कमी होती.

तिनं बापाच्या हातातून पिशवी घेतली आणि निघाली. “मेल्लगा, अम्मा, मेल्लगा,” नरसय्या मागून म्हणत होता, हळू, पोरी, हळू. ती दोन-दोन पायऱ्या चढत होती. पहिल्या मजल्यावर मला तिची वेणी दिसली, दुसऱ्यावर तीही दिसेना. मी कठडा धरून थांबले. नरसय्या माझ्या एक पायरी खाली, गुडघ्यावर हात ठेवून वाकलेला. आम्हा दोघांनाही धाप लागली होती. वरून तिच्या चपलांचा आवाज येत होता, एका लयीत, कुठंही न थांबता, आणि मग तिसऱ्या मजल्यावरून तिचं मोकळं, खणखणीत, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलणं आलं, “मॅडम, या की लवकर, माझा नंबर आला.”